असिंक्रोनस इंटरफेस कसा हाताळावा: केळीच्या बागेतील एका कंट्रोलरच्या निमित्ताने

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेला ठिबकने पाणी सोडणारा एक लहानसा कंट्रोलर समोर ठेवून हे टिपण लिहिले आहे. डब्यात एटीमेगा२५६० हा आठ-बिटी मायक्रोकंट्रोलर आहे आणि त्याला चार गोष्टी जोडलेल्या आहेत: जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर, जे आरएस-४८५ च्या (लांब अंतरासाठीची, अनेक उपकरणांना सामाईक जोडतार) तारांवरून मोडबस या ठरलेल्या संवाद-पद्धतीने बोलतात, शेतकऱ्याच्या फोनशी संपर्क ठेवणारे जीएसएम मोड्यूल, पाण्याच्या मीटरकडून येणारे पल्स, आणि मोटर स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरचा साहाय्यक संपर्क, ज्यावरून मोटर खरोखर चालू झाली की नाही ते कळते. या चौघांपैकी एकही आपल्या प्रोग्रामच्या सोयीने बोलत नाही. प्रोग्राम स्क्रीनवर तापमान छापत असतानाच सेन्सरचे उत्तर येते आणि मेमरीत नोंद लिहिली जात असतानाच फोन वाजतो. अशा इंटरफेसला असिंक्रोनस म्हणतात, आणि तो हाताळणे म्हणजे बाहेरून केव्हाही येणारी गोष्ट न सांडता पकडून प्रोग्रामला सवडीने वाचता येईल अशा जागी ठेवणे, इतकेच काम असते. ते कोणत्या क्रमाने करावे आणि त्यात पाय कुठे घसरतो, हे पुढे सांगितले आहे. वाचकाला सी भाषा आणि मायक्रोकंट्रोलरची तोंडओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी घड्याळ तपासा

यूआर्ट म्हणजे बाइट एकेक बिट करून पाठवणारा आणि घेणारा चिपमधील भाग. त्यात डेटाची तार असते, पण घड्याळाची वेगळी तार नसते. तार शांत असताना उंच पातळीवर असते. बाइट पाठवायचा झाला की ती एका बिटापुरती खाली येते, हा स्टार्ट बिट. मग आठ डेटा बिट, सर्वांत कमी किमतीचा आधी. आणि शेवटी तार पुन्हा उंच, हा स्टॉप बिट. म्हणजे एका बाइटसाठी एकूण दहा बिट. ९६०० बॉडला (म्हणजे सेकंदाला ९६०० बिट) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणून एक बाइट सुमारे १.०४ मिलिसेकंदाचा होतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे जवळजवळ सर्व हिशेब त्याच्यावरच उभे आहेत.

घेणारा स्टार्ट बिटाची उतरती कड दिसताच आपले घड्याळ मोजायला सुरुवात करतो, प्रत्येक बिटाचे सोळा भाग पाडतो आणि मधल्या तीन भागांत (आठवा, नववा, दहावा) तार पाहून बहुमताने बिट ठरवतो. स्टॉप बिटाचा मध्य त्या कडेपासून साडेनऊ बिट दूर असतो. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंची घड्याळे एकमेकांपासून अर्धा बिट सरकली, तर वाचन चुकते; म्हणजे दोघांची मिळून चूक सुमारे ५ टक्क्यांच्या आत हवी. ही सूट दोघांत वाटली जाते, म्हणून या कुळातील चिपची डेटाशीट आठ-बिटी फ्रेमसाठी (स्टार्ट ते स्टॉप बिटाचा एक गट) २ टक्क्यांच्या आत राहण्याची शिफारस करते.

या २ टक्क्यांनी आम्हाला एक अख्खा मे महिना छळले. कंट्रोलरची पहिली आवृत्ती फक्त सेन्सर वाचणारी होती आणि तीत क्रिस्टल वाचवण्यासाठी चिपच्या आतील ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर वापरला होता. मार्चमध्ये टेबलावर सर्व सुरळीत चालले. मे महिन्यात भुसावळकडचे ऊन ४५ अंशांच्या पुढे गेले, आणि विहिरीवरच्या पत्र्याच्या डब्यात तर हात ठेववत नव्हता. दुपारी बारा ते चार सेन्सरचे आकडे निरर्थक येत आणि दिवस कलला की आपोआप सुधारत. सेन्सर देणाऱ्याने सेन्सर बदलून दिला, तरी दुखणे तसेच राहिले. अखेर चिपचे घड्याळ एका पिनवर काढून मोजले, तेव्हा तापमानाबरोबर ते सरकत असल्याचे दिसले. हा ऑसिलेटर कारखान्यातून १० टक्क्यांच्या आतील अचूकतेनेच येतो आणि तापमान व व्होल्टेज या दोन्हींनी हलतो. काही रुपयांचा क्रिस्टल बसवल्यावर प्रश्न मिटला. खानदेशात उघड्यावर राहणाऱ्या उपकरणात यूआर्ट असेल, तर आतील ऑसिलेटरवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिस्टल असूनही भागाकार जमतो का, हे एकदा कागदावर पाहावे. १६ मेगाहर्ट्झला १६ गुणिले ९६०० ने भागून एक वजा केले की १०३.१७ येते, रजिस्टरमध्ये १०३ भरले की चूक ०.२ टक्के, म्हणजे काळजी नाही. तेच ११५२०० साठी केले की ७.६८ येते; ८ भरल्यास वेग ३.५ टक्क्यांनी कमी पडतो, आणि दुप्पट वेगाच्या मोडमध्ये १६ भरल्यास २.१ टक्क्यांनी जास्त होतो. असे कनेक्शन टेबलावर चालते, म्हणून ते बागेतही चालेल असे धरू नये. जुन्या ८०५१ च्या बोर्डांवर ११.०५९२ मेगाहर्ट्झ असा विचित्र आकड्याचा क्रिस्टल का असे, याचे उत्तरही इथेच आहे: ११५२०० ला ९६ ने गुणले की नेमका तोच आकडा येतो.

बाइट पकडण्यासाठी थारोळे

या चिपच्या यूआर्टमध्ये आलेले दोन बाइट साठवता येतात आणि तिसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये थांबू शकतो. त्यानंतर चौथ्याचा स्टार्ट बिट दिसला की एक बाइट गमावला जातो आणि ओव्हररनचा (बाइट सांडल्याचा) झेंडा, म्हणजे फ्लॅग, लागतो. ९६०० बॉडने सलग बाइट येत असतील, तर पहिला बाइट पूर्ण आल्यापासून आपल्या हाती जेमतेम २ मिलिसेकंद असतात. आता मुख्य प्रोग्राम काय करतो ते पाहा. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहून होण्याची वाट पाहण्यातच ३.३ मिलिसेकंद जातात. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचे बारा-बिटी रूपांतर ७५० मिलिसेकंद घेते. त्यासाठी प्रोग्राम डिलेमध्ये थांबवून ठेवला, तर तेवढ्या वेळात ७०० हून अधिक बाइट दारावरून परत जाऊ शकतात. ‘मुख्य लूपमध्ये झेंडा तपासत राहू’ ही रीत म्हणूनच फक्त उदाहरणांच्या प्रोग्रामपुरती ठीक आहे.

विहिरीवर मोट चालत असे तेव्हा तिचे पाणी एकदम थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने संथपणे वाफ्यात जाई. मोटेच्या आणि पाटाच्या गतीचा मेळ घालण्याचे काम थारोळे करी. आपले थारोळे म्हणजे रिंग बफर. ते भरतो इंटरप्ट हँडलर (बाइट येताच चालू काम थांबवून धावणारा छोटा कोड) आणि रिकामे करते मुख्य लूप.

६४ बाइटांचा ॲरे घ्यावा आणि त्यासोबत ‘हेड’ व ‘टेल’ असे दोन आठ-बिटी निर्देशांक ठेवावेत. बाइट आला की हँडलरने प्रथम स्थितीचे रजिस्टर वाचावे आणि मग डेटाचे रजिस्टर. हा क्रम उलटला, तर डेटा वाचताक्षणी रांग पुढे सरकते आणि फ्रेमिंग (स्टॉप बिट जागेवर न सापडणे) किंवा ओव्हररनचे झेंडे पुढच्या बाइटचे दिसू लागतात. चूक एका बाइटची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा प्रकार होतो. नंतर हेडमध्ये एक मिळवून ६३ शी अँड करावा, म्हणजे ६३ नंतर तो आपोआप शून्यावर येतो. आकार दोनच्या घातात ठेवण्याचे कारण एवढेच. हा नवा हेड टेलइतका झाला, तर बफर भरलेला आहे; अशा वेळी बाइट टाकून द्यावा, पण सांडलेल्या बाइटांची मोजणी करणारा एक काउंटर अवश्य वाढवावा. जागा असेल तर आधी बाइट ॲरेत ठेवावा आणि त्यानंतरच हेड पुढे न्यावा. मुख्य लूपने हेड आणि टेल वेगळे दिसेपर्यंत बाइट उचलावेत आणि टेल पुढे सरकवावा. एक जागा नेहमी रिकामी राहते, म्हणजे ६४ च्या बफरमध्ये ६३ बाइट मावतात. ही किंमत स्वस्त आहे, कारण तिच्यामुळे ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ यांत गोंधळ होत नाही.

ही रचना कुलूप न लावता सुरक्षित राहते, कारण हेड फक्त हँडलर लिहितो, टेल फक्त मुख्य लूप लिहितो आणि दोन्ही एका सूचनेत वाचता येतात. तिन्ही गोष्टी, म्हणजे ॲरे, हेड आणि टेल, व्होलाटाइल घोषित कराव्यात. नाहीतर कंपायलर हेडची किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवतो आणि लूप जुनीच किंमत पाहत बसतो. हँडलरमध्ये याहून अधिक काही करू नये. सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का, हे कळण्यासाठीची तपासणी-संख्या) काढणे, अक्षरे तपासणे किंवा स्क्रीनवर छापणे ही कामे तिथे केली, की बाकीचे इंटरप्ट तेवढा वेळ ताटकळतात, कारण या चिपमध्ये एक हँडलर चालू असताना दुसरा सहसा शिरू शकत नाही.

बफर किती मोठा असावा, याला अंदाजाने उत्तर देऊ नये. मुख्य लूपची सर्वांत लांब फेरी मोजावी आणि तेवढ्या वेळात किती बाइट येऊ शकतात ते पाहावे. ६४ बाइट ९६०० ला सुमारे ६६ मिलिसेकंद टिकतात. फेरी ७५० मिलिसेकंदांची असेल, तर बफर मोठा करण्यापेक्षा ती फेरी मोडावी: तापमानाचे रूपांतर सुरू करून पुढे निघावे आणि पाऊण सेकंदाने उत्तर घ्यायला परत यावे. ज्यांच्याकडे एसटीएम३२ सारखी चिप आहे, त्यांनी डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा मेमरीत नेणारी सोय) वर्तुळाकार मोडमध्ये लावून तार शांत झाल्याचा इंटरप्ट वापरावा. रचना तीच राहते, फक्त थारोळे भरण्याचे काम हार्डवेअर करते.

पल्स मोजताना

पाण्याच्या मीटरमध्ये रीड स्विच (चुंबकाने जुळणारा संपर्क) असतो आणि कॉन्टॅक्टरचा संपर्क तर धातूवर धातू आपटूनच जुळतो. दोन्ही ठिकाणी एका जुळणीत काही मिलिसेकंद अनेक उघडझापी होतात. असा संपर्क थेट कडेच्या इंटरप्टला जोडला, की एका पल्सचे पाच-सात मोजले जातात आणि शेतकऱ्याला न सोडलेल्या पाण्याचा हिशेब दिसतो. त्याऐवजी टायमरच्या १ मिलिसेकंदाच्या इंटरप्टमध्ये पिन वाचावी आणि पातळी सलग २० वेळा सारखी राहिली तरच ती खरी मानावी. मोठ्या मीटरचे पल्स इतक्या संथ गतीने येतात की यात काहीच बिघडत नाही.

या काउंटरमध्ये एक बारीक सापळा आहे. काउंटर सोळा-बिटी असेल, तर आठ-बिटी चिप तो दोन तुकड्यांत वाचते. समजा, किंमत २५५ आहे. मुख्य लूपने खालचा बाइट वाचला, तो २५५. एवढ्यात इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा ०. परत आल्यावर लूपने वरचा बाइट वाचला, तो १. जोडून झाले ५११. एका पल्सने आकडा दुप्पट झाला, आणि पुढच्या वाचनात पुन्हा बरोबर. असा दोष दिवसातून एखादेवेळीच दिसतो, म्हणून त्याचा माग काढणे फार जड जाते. उपाय साधा आहे: इंटरप्टची सध्याची स्थिती जपून ठेवावी, ते बंद करावेत, काउंटरची प्रत घ्यावी आणि आधीची स्थिती परत ठेवावी. शेवटी सरसकट ‘चालू’ करू नये. तोच भाग कधी इंटरप्ट बंद असताना बोलावला गेला, तर ते अकाली सुरू होतील. एव्हीआर-लिबसीमध्ये यासाठी ॲटॉमिक ब्लॉकची सोय तयार आहे.

बाहेरचा सिग्नल चिपच्या घड्याळाच्या नेमक्या कडेवर बदलला, तर फ्लिप-फ्लॉप (एक बिट धरून ठेवणारे सर्किट) क्षणभर अधांतरी राहतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनांमागे यासाठी सिंक्रोनायझर बसवलेलाच असतो. एफपीजीएमध्ये (जिच्यातील सर्किट आपणच रचतो अशा चिपमध्ये) मात्र दोन फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक आपणच लावावे लागतात.

आरएस-४८५: बोलून झाल्यावर तार केव्हा सोडावी

आरएस-४८५ वर एकाच जोडतारेवरून सगळे बोलतात, म्हणून आपले बोलणे झाले की ड्रायव्हर बंद करून तार मोकळी करावी लागते. मॅक्स४८५ सारख्या चिपवर त्यासाठी डीई ही पिन असते. नवशिक्यांची सर्वांत अधिक चूक इथेच होते, आणि मीही ती केली आहे.

ओल मोजणाऱ्या सेन्सरला एक रजिस्टर विचारायचे, तर मोडबसची विनंती सोळाच्या पद्धतीत अशी असते: ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए. पहिला बाइट सेन्सरचा पत्ता, दुसरा काम, मग सुरुवातीचे रजिस्टर आणि त्यांची संख्या. शेवटचे दोन सीआरसीचे, त्यांत कमी किमतीचा आधी. आठ बाइट जायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. यूआर्टमध्ये दोन वेगळे झेंडे असतात: ‘डेटा रजिस्टर रिकामे’ आणि ‘पाठवणे पूर्ण’. पहिला झेंडा लागतो तेव्हा शेवटचा बाइट फक्त शिफ्ट रजिस्टरमध्ये गेलेला असतो. तारेवर जायला त्याला अजून १ मिलिसेकंद हवा असतो. त्या झेंड्यावर डीई खाली आणली, की ‘०ए’ अर्ध्यात तुटतो, सीआरसी जुळत नाही आणि सेन्सर मोडबसच्या नियमाप्रमाणे गप्प राहतो. गंमत अशी की तोच सेन्सर संगणकाला यूएसबीच्या ॲडॉप्टरने जोडला की लगेच उत्तर देतो, आणि माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

योग्य क्रम असा. ‘पाठवणे पूर्ण’चा जुना झेंडा पुसावा, डीई वर करावी आणि बाइट ‘रजिस्टर रिकामे’च्या इंटरप्टमधून एकेक भरावेत. शेवटचा बाइट भरला की तो इंटरप्ट बंद करून ‘पाठवणे पूर्ण’चा इंटरप्ट सुरू करावा, आणि डीई खाली आणण्याचे काम त्याच हँडलरमध्ये, पहिल्याच ओळीत करावे. हे मुख्य लूपवर सोपवले, तर उलटी चूक होते: लूप उशिरा पोहोचते, सेन्सर उत्तर द्यायला लागलेला असतो आणि दोघे एकाच तारेवर एकमेकांवर बोलतात.

उत्तर कुठे संपले, हे मोडबस आरटीयूमध्ये (इथे वापरलेल्या मोडबसच्या प्रकारात) कोणत्याही चिन्हाने कळत नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे फ्रेम (इथे मोडबसचा पूर्ण संदेश) संपली. ९६०० ला हा काळ सुमारे ४ मिलिसेकंदांचा असतो. १९२०० च्या वर तो वेगाप्रमाणे न घटवता १.७५ मिलिसेकंद धरावा, असे मानक सांगते. हँडलरने प्रत्येक बाइटबरोबर टायमर शून्यावर आणावा आणि टायमर भरला की ‘फ्रेम तयार’ असा झेंडा लावावा. मग मुख्य लूपने पत्ता, लांबी आणि सीआरसी तपासावे. ठरलेल्या वेळात, समजा २०० मिलिसेकंदांत, उत्तर आले नाही, तर प्रश्न सोडून पुढच्या सेन्सरकडे जावे. मुदत न घातलेली एक वाट जरी प्रोग्राममध्ये राहिली, तरी कोळपणीत एका सेन्सरची तार तुटली की सगळ्या बागेचे पाणी अडते.

तारेबद्दल थोडक्यात: केबल सेन्सरवरून सेन्सरवर अशी एका माळेत न्यावी, एका जागेहून फाटे फोडू नयेत. १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावावेत, प्रत्येक सेन्सरवर नव्हे. दोन तारांसोबत तिसरी, सामाईक संदर्भाची तार न्यावी. विहिरीपाशी आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला जमिनीचे व्होल्टेज एकच असेल याची खात्री नसते, आणि आरएस-४८५ चा रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांपलीकडचा फरक सहन करील, असे मानक धरत नाही.

न विचारता बोलणारे मोड्यूल

जीएसएम मोड्यूलला एटी कमांड (मजकुराच्या ओळीतून दिलेली आज्ञा) दिली की उत्तर येते, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात कमांड आणि ‘ओके’ यांच्या मध्येच ‘रिंग’ अशी ओळ टपकते, कारण रात्रपाळीची वीज आली का हे पाहायला मालकाने नेमका तेव्हाच फोन लावलेला असतो. म्हणून ‘कमांड पाठवा आणि पुढची ओळ म्हणजे उत्तर’ असे कधीही लिहू नये. बफरमधून बाइट घेऊन पूर्ण ओळी कराव्यात. प्रत्येक ओळ आधी स्वयंस्फूर्त सूचनांशी ताडून पाहावी, आणि ती त्यांतली नसेल तरच चालू कमांडच्या उत्तराकडे द्यावी. कमांड एका रांगेत ठेवून एका वेळी एकच पाठवावी. सिम८००एल सारखे मोड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. त्याच्या पिनांजवळ मोठा कपॅसिटर नसेल तर ते स्वतःच रीसेट होते, आणि दोष प्रोग्रामवर येतो.

तपासणी

आधी सेन्सर सोडून द्यावा, पाठवण्याची आणि घेण्याची पिन एका तारेने जोडावी आणि काही लाख बाइट फिरवून पाहावेत. मग हँडलरच्या सुरुवातीला एक मोकळी पिन वर आणि शेवटी खाली करावी. आठ चॅनेलच्या स्वस्त लॉजिक ॲनालायझरवर हँडलर किती वेळ घेतो आणि डीई कुठे पडते, हे दोन्ही एकाच चित्रात दिसते. डीईची उतरती कड शेवटच्या स्टॉप बिटाच्या आधी दिसली, तर वरचा दोष तुमच्याकडेही आहे. तार चालू असताना उपटावी, उलट जोडावी, तारेवर मुद्दाम कचरा पाठवावा. मोटर सुरू-बंद होत असताना वाचन चालू ठेवावे, कारण कॉन्टॅक्टर सुटतानाच्या ठिणगीने काय होते, ते टेबलावर कळत नाही.

शेवटी काउंटर. फ्रेमिंग, ओव्हररन, बफरमधून सांडलेले बाइट, सीआरसीची चूक आणि मुदत संपणे असे पाच काउंटर आम्ही प्रत्येक कंट्रोलरमध्ये ठेवतो आणि रोजच्या एसएमएसमध्ये पाठवतो. फ्रेमिंग वाढले तर घड्याळ किंवा तारेवरचा गोंगाट पाहावा. ओव्हररन वाढला तर कुठेतरी इंटरप्ट फार वेळ बंद राहतात. बफर सांडला तर मुख्य लूप अडकली आहे. फक्त सीआरसी चुकत असेल तर केबल आणि टोकाचे रेझिस्टर तपासावेत. मुदत एकाच सेन्सरची संपत असेल, तर बहुधा उंदराने किंवा कोळप्याने तार तोडलेली असते; सगळ्यांची एकदम संपत असेल, तर फावडे ठेवून आधी डीईची पिन पाहावी.